अ‍ॅसिडात राहिलेला तुकडा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीच्या पलीकडे, एक लांबट खोली आहे. तिथे एकतीस वर्षं एक माणूस माणसांचे तुकडे कापत बसलेला आहे. असं म्हटलं की नवखी माणसं दचकतात, म्हणून खुलासा लगेच केलेला बरा. वरच्या मजल्यांवर सर्जन लोक जे काही काढतात, त्याचा नखाएवढा भाग या खोलीत येतो आणि मेणाच्या वडीत बसतो. मग हा माणूस यंत्राच्या पात्यावर त्या वडीचे इतके पातळ काप काढतो, की ते कोमट पाण्यावर साईसारखे तरंगतात. ते काचपट्टीवर उचलायचे, रंगवायचे आणि वर मॅडमकडे पाठवायचे. कॅन्सर आहे की नाही, हे मॅडम काचपट्टी बघून सांगतात.

या माणसाला सगळे पातळकाका म्हणतात. एक तर त्या कापांमुळे. दुसरं म्हणजे त्यांच्या अंगाने मांस असं कधी धरलंच नाही. आणि तिसरं कारण त्यांच्या हातचा चहा, ज्याच्यातून कपाचा तळ दिसतो.

काका तसे तिरसट. कामात कुणी हयगय केली की त्यांचा पारा चढायचा, आणि हाडाच्या बाबतीत तर विचारूच नका. हाड थेट पात्याला लावता येत नाही. आधी ते अ‍ॅसिडात ठेवून त्यातला चुना काढावा लागतो, म्हणजे ते मऊ पडतं. कमी वेळ ठेवलं तर पातं बाद होतं. जास्त वेळ ठेवलं तर त्याहून वाईट, कारण मग पेशींच्या केंद्रकांना जांभळा रंगच चढत नाही, सगळं नुसतं गुलाबी दिसतं आणि मॅडमनी डोळे फोडले तरी काही कळत नाही. ही चूक करणाऱ्याची काका अशी काही खरडपट्टी काढत, की तो पुन्हा घड्याळाकडे पाहिल्याशिवाय हाडाला हात लावत नसे. "तुझ्या आळसापायी त्या माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते," असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं.

तीन वर्षांपूर्वी काकांनाच प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. रेडिएशन झालं, इंजेक्शनं झाली. काकांनी ते सगळं रजेचा अर्ज भरावा तशा कोरड्या चेहऱ्याने पार पाडलं. कोसळली ती त्यांची बायको. गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, हिशेबाला पक्की, आवाजाला खणखणीत बाई. पण त्या वर्षात तिचं जेवण तुटलं, झोप तुटली. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडून ती भिंतीकडे बघत राहायची. काकांना स्वतःच्या दुखण्यापेक्षा ते बघणं जड जायचं.

वर्षभराने पुन्हा तुकडा काढला, तेव्हा मॅडम म्हाताऱ्या पेशींचा अभ्यास करत होत्या. औषधांच्या माऱ्याने कॅन्सरच्या सगळ्याच पेशी मरत नाहीत. काही नुसत्या म्हाताऱ्या होतात, फुगतात आणि वाढायच्या थांबतात. एक खास रंग टाकला की त्या निळ्या दिसतात. काकांनी आपला तुकडा आपणच रंगवला आणि तो सगळीकडे निळा निघाला. ते तरंगतच घरी गेले.

"अगं, म्हातारा झाला तो," त्यांनी बायकोला सांगितलं. "खोड मोडली त्याची. आता नुसता बसून राहणार."

ती त्या दुपारी जेवली आणि दिवे लागेपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या इमारतीला बातमी सांगितली. त्या आठवड्यात कशावरून तरी ती खो खो हसली आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमनी मात्र बजावलं होतं. "काका, म्हातारी पेशी म्हणजे मेलेली पेशी नव्हे. ती स्वतः वाढत नाही, पण बसल्या जागी काहीबाही सोडत राहते. त्याने शेजारच्या पेशी चेकाळतात, त्यांना बाहेर पडायला वाट मिळते. आधी हाडं धरतात. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, चुकवायचं नाही."

"म्हणजे आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींसारखंच," काका म्हणाले. "स्वतः काही करायचं नाही, पण दोन घरांत भांडणं लावून द्यायची."

मॅडमना हसू आलं. काकांनाही आपल्या विनोदाचं कौतुक वाटलं, आणि कौतुकाच्या भरात त्यांनी सल्ला बाजूला ठेवला. पहिल्या खेपेला काम फार होतं, दुसऱ्या खेपेला विसरले. तिसऱ्या खेपेपासून त्यांना त्या रक्ताच्या कागदाची भीतीच वाटायला लागली. घरी मात्र ते दर वेळी "सगळं ठीक" म्हणून मोकळे व्हायचे. इथे कुणीतरी त्यांना चार शब्द सुनावायला हवे होते. पण खरडपट्टी काढायचं काम त्या खोलीत काकांचंच होतं, त्यांची कोण काढणार?

मग कंबर दुखायला लागली. काकांनी स्टुलाला दोष दिला, मग थंडीला, मग वयाला. सात महिने असे गेले. एक दिवस जिन्यात पाय लटपटला तेव्हा वरच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. कमरेच्या हाडात डाग होता. सुईने हाडाचा तुकडा काढला. "साधी तपासणी आहे," काकांनी घरी सांगितलं, आणि बायकोने ते मानलं. त्यांचं सगळं ती मानत आली होती.

आपला तुकडा आपण करायचा नाही, असा त्या खोलीतला नियम; काकांनी तो निळ्या तुकड्याच्या वेळी एकदा मोडलाच होता. पण दुसरी तंत्रज्ञ रजेवर होती. मॅडम म्हणाल्या, बाहेर पाठवू. काका म्हणाले, "बाहेरचे लोक कापांच्या चिंध्या करतात. माझं मी बघतो." एकतीस वर्षांच्या हातावर कोण शंका घेणार?

शुक्रवारी तुकडा अ‍ॅसिडात गेला. इतक्या बारीक तुकड्याला एक दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. शनिवारी दुपारी काकांनी तो चिमट्यात धरून हळूच वाकवला. तो वाकला नाही. काका चिमटा धरून तसेच उभे राहिले. काही कॅन्सर हाडात शिरले की ते पोखरतात. प्रोस्टेटचा बहुतेक वेळा उलटं करतो, हाड घट्ट आणि टणक करून ठेवतो. असे तुकडे त्यांनी किती हाताळले होते, आणि बोटांना ते काचपट्टीच्या आधी कळत. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तेव्हा तुकडा जेमतेम नमला होता. म्हणजे काढायची वेळ झाली होती.

काकांनी तो पुन्हा बाटलीत सोडला, झाकण लावलं आणि खोलीला कुलूप घालून घरी गेले. रविवारी बायकोने त्यांना बागेत फिरायला नेलं. ती सारखी बोलत होती, आणि काका तिच्याकडे बघत होते. दीड दिवस त्यांनी त्या बाटलीचा विचार केला, पण उठून गेले नाहीत.

सोमवारी त्यांनी नेहमीसारखे काप काढले, अगदी एकसारखे, कुठे चुणी नाही. रंगवल्यावर काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी झाली.

मॅडमनी त्यांना वर बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"काका, हे काय आहे?"

"अ‍ॅसिडात जरा जास्त राहिला."

"राहिला, की ठेवलात?"

काकांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा आत घातला. "चार दिवस मिळाले असते, एवढंच," ते म्हणाले. "ती आता कुठे माणसांत आलीये."

मॅडमनी ती काचपट्टी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "चार दिवसांनी ते नाहीसं होणार नाहीये, काका. बाहेरच येणार आहे. उद्या सकाळी नऊला पुन्हा सुई घालू. घरी बाईंना तुम्ही सांगणार, की मी फोन करू?"

"मी सांगतो."

घरी बायको टेबलाशी चष्मा लावून आकड्यांचं कोडं सोडवत होती. काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं की तुकडा खराब झाला, उद्या पुन्हा काढावा लागेल.

"खराब झाला म्हणजे?" ती ताडकन उठली. "कोण तो बेजबाबदार माणूस? हाडात सुई घालतात, काय खेळ आहे का? तुमच्या हातात असता तर झालं असतं का असं?"

थाप तयार होती. रजेवर गेलेल्या बाईचं नाव पुढे केलं असतं तरी भागलं असतं. काकांनी तोंड उघडलं, आणि बायकोचा रागाने लाल झालेला चेहरा बघून त्यांना ते जमलं नाही. ती त्यांच्या बाजूने भांडत होती.

"माझ्याच हातात होता," ते म्हणाले.

तिने पेन्सिल खाली ठेवली. ती रडेल, अशी काकांची धास्ती होती. पण तिच्या चेहऱ्यावर तो जुना वर्गातला भाव आला, फळ्यावरच्या गणितात चूक कुठल्या पायरीला झाली ते शोधतानाचा.

"तुमच्या हातून तुकडा खराब होत नाही," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे तुम्हाला कळलंय."

काकांनी मान हलवली.

"किती दिवस दुखतंय?"

"सात महिने."

ती आत गेली आणि कपाटातून त्यांच्या रिपोर्टची फाईल घेऊन आली. टेबलावरचं कोडं सरकवून तिने एकेक कागद काढला आणि तारखेप्रमाणे लावायला घेतला. पहिल्या वर्षाचे सगळे होते. मग तो निळ्या तुकड्याचा रिपोर्ट आला. त्याच्यानंतर एकदम या महिन्यातला फोटो. तिने सगळे कागद पुन्हा एकदा चाळले, खाली कुठे पडलाय का तेही पाहिलं, आणि दोन कागदांच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथले रक्ताचे कुठे आहेत?" तिने विचारलं. "दर तीन महिन्यांनी तुम्ही मला ठीक म्हणून सांगत होतात, ते?"

"केलेच नाहीत," काका म्हणाले.