एक डोकं, दोन दरबार

कुणी "वा, मास्तर!" म्हटलं की आमच्या मास्तरांचा हात डोक्याकडे जायचा. दस्तार काढून छातीशी धरायची, मान खाली घालायची आणि पुटपुटायचं, "माझं नव्हे, त्याचं." अवघड गणित सुटलं तरी तेच, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या बाईंच्या, कढीला कुणी नावाजलं तरी तेच. आता कढीत यांचं काय होतं, तुम्हीच सांगा!

मास्तर ख्रिस्ती, मूळचे जालन्याकडचे. गौलीगुडा मोहल्ल्यात माझ्या शेजारी राहायचे आणि आम्ही दोघं एकाच सरकारी शाळेत शिकवायचो. देवाचं नाव घेताना पुरुषाने डोकं उघडं करायचं, ही त्यांची रीत. आमच्या निजामी राज्यातली रीत नेमकी उलटी. दस्तार म्हणजे सरकारी पगडी. ती साहेबासमोर उतरवली की साहेबाचा अपमान. एकाच डोक्यावर हे दोन्ही दरबार कसे सांभाळायचे, देव जाणे.

व्हायचं तेच झालं. हेडमास्तर निवृत्त झाले होते आणि ती जागा मास्तरांनाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. जागेबरोबर शाळेच्या आवारातलं घर मिळायचं. दोन अंधाऱ्या खोल्यांत संसार केलेल्या बाईंनी तिथल्या अंगणात मोगरा कुठे लावायचा, तेही ठरवून टाकलं होतं. अशात शाळा तपासायला मोठे साहेब आले. मास्तरांचा वर्ग पाहून खूश झाले. म्हणाले, "शाबास मास्टर, बहोत खूब!"

झालं! दस्तार छातीशी.

"क्या जी, हमारे सामने नंगे सर?" साहेब कडाडले आणि तडक निघून गेले.

माणूस तसा दिलदार. दुसऱ्या दिवशी निरोप आला, घरी येऊन माफी मागा, विसरून जाऊ. मी मुद्दाम बरोबर गेलो. वाटेत बजावलं, "मास्तर, आज देवाचे आभार मनातल्या मनात माना. हात खाली ठेवा."

"बरं, पंत," म्हणाले.

मास्तरांनी असा वाकून सलाम केला की बोटं सतरंजीला टेकली. माफीही मागितली, अगदी मनापासून. साहेब हसले. "छोडो जी. हेडमास्टर की जगह आपकीच है."

आणि मास्तरांनी दस्तार काढली.

साहेब उठून उभे राहिले. "जाओ. अब उस जगह का नाम नक्को लेना."

घरी परतताना कोठीच्या चौकापर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. "निदान हात आपोआप गेला, असं तरी म्हणा हो!"

"नाही, पंत. काल आपोआप गेला. आज मी समजून-उमजून काढली. 'आपकीच है' ऐकलं आणि छाती अशी फुगली की मला भीतीच वाटली. प्रभूपुढे लहान व्हावंसं वाटलं." थोडं चालून थांबले. "का साहेबापुढे मोठं व्हावंसं वाटलं? माझं मलाच कळत नाही."

मला तरी कुठे कळलंय? मास्तर जाऊन इतकी वर्षं झाली. कधी वाटतं, संत होता हा माणूस. कधी वाटतं, छे, निव्वळ हट्टी. दोन्ही वेळा डोळे मात्र भरून येतात.

बाई दारातच उभ्या होत्या. "झालं?"

"मिळाली होती," मास्तर म्हणाले. "गेली."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पानं वाढली, मलाही बसवलं. सोवळं-ओवळं आठवायची माझीही मनःस्थिती नव्हती. जेवणाआधीची प्रार्थना रोज मास्तर करायचे. त्यांनी तोंड उघडलं, तोच बाई म्हणाल्या, "थांबा. आज मी करते."

"प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. यांना क्षमा कर. आणि मला यांच्यावर रागावू देऊ नकोस, निदान यांचं जेवण होईपर्यंत. येशूच्या नावाने मागते."

मास्तरांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. बाईंनी पदर तोंडाशी धरला होता. भात निवत चालला होता.

शेवटी मीच म्हटलं, "आमेन."