मरून कव्हर

जळणं म्हणजे काय, ते मला थोरल्या जाऊबाईंच्या कॉम्प्युटरने शिकवलं.

बिबवेवाडीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मुलगी नववीत गेली तेव्हा आम्ही कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तर दीर म्हणाले, "आमच्यासाठीही एक सांगून टाका." एकाच माणसाने, एकाच दिवशी दोन्ही जोडून दिले. खाली दोघंच माणसं, मूलबाळ नाही, दीर दिवसभर मार्केट यार्डात गाळ्यावर. यांना कॉम्प्युटर करायचाय काय? पण धाकट्यांकडे आला म्हणजे थोरल्यांकडे यायलाच हवा! हे मी मनातच म्हटलं, पण चांगलं मोठ्याने म्हटलं.

त्यात भर म्हणून वहिनींनी, म्हणजे जाऊबाईंनी, दोन्ही सीपीयूंना कव्हरं शिवली. जाड कापड, आत कापूस, कडेला क्रोशाची लेस. त्यांचं हिरवं, आमचं मरून. आमच्याकडे तेव्हा टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडललासुद्धा कव्हर, मग हा उघडा कसा राहणार? शिवाय वापरलं नसतं तर "आवडलं नाही वाटतं" हे वर्षभर ऐकावं लागलं असतं. मी ते घट्ट बसवलं. चालू करायचं बटण पुढे, म्हणून तेवढीच बाजू वर दुमडून पिना लावल्या.

आमचा कॉम्प्युटर जरा वेळ चालायचा आणि पटकन बंद पडायचा. मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट असाच गेला, पुन्हा केला, पुन्हा गेला. खालचा मात्र गुणी! एक दिवस ती दप्तर घेऊन खाली गेली ती गेलीच. शाळेतून आली की चपला तळमजल्यावर. दिवेलागणीनंतर वर यायची आणि म्हणायची, "जेवण नको, काकूने थालीपीठ दिलं." माझ्या पोळ्या डब्यात तशाच. माझ्याशी ही मुलगी 'हं' आणि 'नाही' एवढंच बोलायची, आणि तिथे खिदळायची. जिन्यातून ते हसणं वर आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जन्म द्यायचा मी, अभ्यासावरून ओरडायचं मी, आणि लाड करायला या!

"खालीच राहायला जा ना," मी एकदा म्हणाले.

"तिथला कॉम्प्युटर बंद पडत नाही, आई."

बस्स. मेला कॉम्प्युटर सुधारायचाच, असं मी ठरवलं. तो धड चालला की पोरगी वर येईल.

आमच्या यजमानांनी निदान केलं, "व्हायरस असेल." यांना शिंक आली तरी व्हायरस. दुरुस्तीवाला यायचा म्हणून मी कव्हर काढून ठेवायची, नाहीतर तो सीपीयू उघडणार कसा? तो आतली रॅमची पट्टी काढायचा, खोडरबराने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. कॉम्प्युटर चांगला तासभर चालायचा. "ताई, काही प्रॉब्लेमच नाही," म्हणून तो चहा पिऊन जायचा. मग मी धूळ पुसून कव्हर चढवायची, मुलीला हाका मारून वर आणायची, आणि ती जरा रमते न रमते तोच बंद! पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं बसणारं कार्टं पाठ वळली की धिंगाणा घालतं, तशातली गत. मुलगी दप्तर उचलून खाली निघून जायची.

दिवाळीच्या साफसफाईत मी घरातली सगळी कव्हरं धुवायला काढली. कॉम्प्युटर सहज चालू केला आणि पत्ते खेळत बसले. कुकर झाला, कपडे वाळले, तरी तो चालूच. संध्याकाळी कव्हर चढवलं आणि थोड्या वेळात पडदा काळा. सीपीयूच्या मागे हात घातला तर तवा तापावा तसा तापलेला. पंखा मागे, आणि पंख्याच्या तोंडावर वहिनींचा कापूस!

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे त्यांचंच कव्हर! ते हातात घेऊन मी धाडधाड जिना उतरले. मुलगी सदाशिव पेठेत क्लासला गेली होती. खालचा कॉम्प्युटर हिरव्या कव्हरात चारी बाजूंनी झाकलेला.

"वहिनी, तुमच्या कव्हराने आमचा कॉम्प्युटर गुदमरत होता. तुमचा बरा नाही गुदमरला!"

"अगं, आम्ही पूर्ण काढतो. ती काढते आणि मी घडी घालून मांडीवर घेऊन बसते."

"आणि ती नसते तेव्हा?"

"तेव्हा कॉम्प्युटर लावतंय कोण? मला कुठे येतंय त्यातलं? यांनाही नाही येत."

त्यांनी माझ्या हातातलं मरून कव्हर घेतलं आणि लेस सरळ करत राहिल्या.

"म्हणजे आता तुमचा बंद नाही पडणार," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरं झालं." मग आत जाऊन त्यांनी एक पातेलं आणलं. "तिच्यासाठी साबुदाणा भिजवलाय. वर घेऊन जा, खिचडी करून दे."

मी नेलं. क्लासहून आल्यावर मुलगी आमच्याच कॉम्प्युटरसमोर बसली. कॉम्प्युटर सुरळीत चालत होता. मी खिचडीची बशी पुढे ठेवली. तिने एक घास खाल्ला.

"काकूची वेगळी लागते."

"मग तिचीच खा!"

माझं बोलणं संपायच्या आत ती बशी घेऊन जिना उतरलीसुद्धा. थोड्या वेळाने खालून दोघींचं हसणं वर आलं. मी खुर्चीत बसून जळत राहिले. कॉम्प्युटर मात्र चालूच होता, मेला.