मुमताजचा बारावीचा निकाल: नांदेड, मुखेड, लातूरची उन्हाळी फेरी

मे महिन्यात मराठवाड्यात जाऊ नये, हे मलाही कळतं. पण फोन चंद्रकलाबाईंचा होता. "मीनाताई, मी रिटायर व्हायलेय. पोरांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय. ऊन लई हाय, पण या." मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

चंद्रकलाबाई कोण, ते आधी सांगते. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम नुकताच संपवला होता. औसा तालुक्यातल्या एका उद्ध्वस्त गावात, पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना गाणी-गोष्टी सांगायला आमचा गट गेला होता. रडणारं मूल कडेवर घेऊन एक सातवी पास बाई रोज शेडमध्ये यायची. काही दिवसांनी मुलं माझ्याऐवजी तिच्याभोवती बसू लागली. पुढे ती त्याच गावची अंगणवाडी सेविका झाली. मी पुण्यात परतले आणि आयुष्यभर बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवलं. तेव्हा सातवी पास बाई सेविका होत होती. आता सेविका व्हायलाही बारावी लागते आणि मदतनीस व्हायलाही. हा बदल गावात कसा दिसतो, ते बघायचं होतं. म्हणून सरळ लातूर गाठण्याऐवजी नांदेडहून सुरुवात केली.

नांदेडला रेल्वेनं सकाळी उतरलात तर स्टेशनजवळ लॉज सहज मिळतो. खोलीत कूलर आहे ना, एवढं आधी बघून घ्या. आंघोळ करून मी जुन्या वस्तीत गेले. गल्लीच्या तोंडाशी गाड्यावर गरम तहरी, म्हणजे मसालेदार पिवळा भात मिळाला, सोबत आंबट चटणी. आतल्या बाजूला एका भाड्याच्या खोलीत अंगणवाडी होती. भिंतीवर रंगवलेलं झाड होतं, पंखा घरघरत होता आणि चटईवर मुलं तांब्या-पेल्यांचा बाजार मांडून बसली होती. सेविका मात्र चप्पल पायात घालून निघाली होती.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"पल्याडच्या गल्लीत. तिथली जागा रिकामी हाय, भरती व्हईस्तोवर चार्ज माझ्याकडंच. इथलं गाणं झालं की तिथलं गाणं." ती हसली आणि मदतनीस बाईंना म्हणाली, "पोरांस्नी पाणी द्या, आलेच."

तिच्यामागोमाग मीही गेले. तिथं मुलं दारातच उभी होती. तिला पाहून एवढा आरडाओरडा झाला, की शेजारच्या दुकानदारानं मान वर केली. "सवयीचं झालंय," तो म्हणाला. मला मात्र त्या दोन गल्ल्यांमधलं अंतर दिवसभर खटकत राहिलं. शिक्षणाची अट वाढवली ते उत्तमच झालं. पण रिकाम्या खुर्चीला कसली पदवी?

दुसऱ्या दिवशी मुखेड. नांदेडहून नायगाव-नरसीमार्गे एसटी आहे आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खाजगी गाडीचा विचारही करू नका. खिडकी सावलीच्या बाजूची धरा. त्या दिवशी मुखेडचा बाजार होता. बसमध्ये माणसांपेक्षा पिशव्या जास्त. तिथून शेअर रिक्षानं एका गावी गेले. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिथल्या सेविकेचं नाव सुचवलं होतं: वैशाली, एमए, डीएड.

वैशालीची अंगणवाडी बघून मन प्रसन्न झालं. चिंचोक्यांची मोजणी, मातीचे प्राणी, दोरीवर मुलांची चित्रं. मुलं तेलुगू आणि मराठी मिसळून बोलत होती आणि ती दोन्हीत उत्तरं देत होती. मी मनापासून कौतुक केलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डीएड करून शिक्षक भरतीची वाट बघत बसले होते. ही जागा निघाली, भरला अर्ज."

"उद्या शिक्षक भरतीत नाव लागलं तर?"

"जाणार की मॅडम. खोटं कशाला बोलू?"

तिचं चुकत नव्हतं. तिच्या जागी मीही गेले असते. पण शेजारी तांदूळ निवडत बसलेली मदतनीस माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या तिसऱ्या बाई. आमी हायच हितं." वैशालीनं निवडलेले तांदूळ उचलून धुवायला घेतले.

मुखेडहून शिरूर ताजबंद, चाकूर करत लातूरला पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. लातूरला जाणार असाल तर खोली आधी सांगून ठेवा. क्लासच्या भागात प्रत्येक इमारत म्हणजे खाली मेस, वर हॉस्टेल आणि दर्शनी भागावर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे फोटो. सायकली आणि पाठीवरच्या दप्तरांमधून वाट काढत मी निलंगा राईसच्या गाड्यावर पोचले. पिवळाजर्द, तिखट, वर शेंगदाण्याची चटणी. एका प्लेटमध्ये पोट भरतं.

शेजारी एक वडील आणि मुलगी खात होते.

"उद्या बारावीचा निकाल हाय ना गं?" वडील म्हणाले.

"हो. त्याचं काय एवढं बाबा? पास तर होतेच. खरा निकाल नीटचा."

"ते बी खरंच म्हणा."

मला चंद्रकलाबाईंचं फोनवरचं दुसरं वाक्य आठवलं: "आमच्या मुमताजचा बी निकाल हाय त्याच सुमाराला. तुम्ही आलात तर तिला धीर यील."

सकाळी औसा-लामजनाकडची पहिली गाडी धरली. पुनर्वसनाचं गाव लांबूनच ओळखू येतं: रुंद सरळ रस्ते, एकसारख्या आखलेल्या जागा. मी पाहिलेली रोपं आता छतापेक्षा उंच कडुनिंब झाली होती आणि बसक्या घरांवर दुसरे मजले चढले होते. सुरुवातीला इथली माणसं छताखाली झोपायला तयार नव्हती. आता वरच्या मजल्यावर कपडे वाळत होते. ते बघून मला फार बरं वाटलं.

चंद्रकलाबाई अंगणवाडीच्या दारातच होत्या. मिठी मारून म्हणाल्या, "म्हाताऱ्या झालात की ओ!" आणि हसत आत घेऊन गेल्या. उन्हामुळे मुलं लवकर येऊन गेली होती. आत सुशीला परतल्याचा वास होता. मुरमुऱ्यांचा हा नाष्टा या भागात आलात तर चुकवू नका. दोघीजणी पताका चिकटवत होत्या.

एक मुमताज. बारा-तेरा वर्षांपासून इथली मदतनीस, नवरा गावातच शिवणकाम करतो. दुसरी स्नेहल, गावची सून, बीएस्सी. तिनं मेडिकलसाठी दोन वर्षं लातुरात काढली होती, क्रमांक लागला नव्हता.

पताका संपेपर्यंत चंद्रकलाबाईंनी मला बाहेर कडुनिंबाखाली नेऊन सगळं समजावलं. सेविकेची जागा रिकामी झाली, की पात्र मदतनिसीला आधी बढती मिळते. पण मुमताज दहावी पास. गेल्या वर्षी बारावीला बाहेरून बसली आणि इंग्रजीत अडकली. आज पास झाली तर जागा तिची. नाही झाली तर जाहिरात निघणार, आणि मग गावात सगळ्यात जास्त शिकलेली स्नेहल.

"म्हणजे दोघींपैकी एकीचं नुकसान," मी म्हणाले.

"हाव. आन मुमताजची इंग्रजी कुणी करून घेतली माहितंय का? स्नेहलनं."

मला खरंच वाटेना. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "ही पोरगी माझ्याकडं जागेचं विचारायला आली होती. मी सरळ सांगितलं, पहिला हक्क मुमताजचा, पर तिचं इंग्रजीत अडलंय. उठून गेली. चार दिसांनी मुमताजच्या दारात पुस्तक घिऊन उभी."

दुपारी एक वाजता निकाल लागणार होता. मुमताजच्या मोबाइलवर साइट उघडेना, म्हणून स्नेहलचा घेतला. मुमताजचा नवरा गळ्यात टेप तसाच ठेवून दुकानातून आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. मुमताज भिंतीकडे तोंड करून बसली. "तूच बघ स्नेहल. माझ्यानं व्हायचं न्हाई."

स्नेहलनं नंबर टाकला. पान फिरत राहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मुखेडची वैशाली माझ्या डोक्यात होती. शिकलेल्या मुलीला जागा हवी असते, त्यात गैर काय? मग स्नेहलचे ओठ हलले. ती विषय पुटपुटत खाली जात होती. एकदम थांबली. फोन मांडीवर ठेवून तिनं डोळे पुसले.

"बोल की गं!" चंद्रकलाबाई ओरडल्या.

"इंग्रजीत एक्कावन्न," स्नेहल म्हणाली. "ताई, पास. सगळ्यात पास."

मुमताज उठली. स्नेहलचा हात धरून तशीच उभी राहिली. बाहेर नवऱ्यानं "या अल्लाह" म्हणत दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग चंद्रकलाबाईंनी उरलेल्या पताका दोघींच्या गळ्यात घातल्या आणि सगळ्यांना एकदम हसू फुटलं.

संध्याकाळी मैदानात कार्यक्रम झाला. भाषणं लांबली. चंद्रकलाबाईंनी शिकवलेली मुलं आता मिशीवाले बाप झालेली, त्यांची पोरं त्यांच्या कडेवर. त्या गडबडीत मी स्नेहलला बाजूला गाठलं.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," ती लगेच म्हणाली. "बघताना क्षणभर वाटलं, नापास असावी. मग स्वतःचीच लाज वाटली. मेडिकलचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी बोललं नव्हतं. तसं बसलेलं दुसरं कुणी मला बघवत न्हाई."

"आता काय करणार?"

"मुमताजताईंची मदतनिसीची जागा रिकामी होईल ना. अर्ज भरणार."

तेवढ्यात मुमताज चहा घेऊन आली. तिनं ऐकलं. "यडी झालीस का? तू बीएस्सी. माझ्या हाताखाली झाडू मारशील?"

"झाडू दोघी मारू. तुम्ही सेविका होऊन झाडू मारणार न्हाई का?"

"तुझे सासरे?"

"ते बोलायलेत. बोलू द्या."

मुमताजनं चहा तिच्या हातात दिला. "मला लई अवघड वाटंल," म्हणाली. "पर भर. दुसरी कुणी येण्यापरीस तू ये."

लातूरहून मुंबईकडच्या रेल्वेनं मी परतले. उन्हाळी सुट्टीत आरक्षण आधीच करा, नाहीतर माझ्यासारखं बसून यावं लागेल.

घरी येऊन दोन महिने होऊन गेले. मुमताजची ऑर्डर निघाली. मदतनिसीच्या जागेला आलेल्या अर्जांत बऱ्याच पदवीधर होत्या, एक तर बीएड होती. निवड स्नेहलची झाली. मी जन्मभर शिक्षिकांच्या पात्रतेवर बोलत आले आणि अजूनही बोलेन: लहान मुलांना शिकलेलीच बाई हवी. या फेरीनं त्यात एक भर घातली. जी बाई आधीच दारात उभी आहे, तिला वर यायला पायरी हवी, आणि जी शिकून आली आहे, तिला थांबावंसं वाटेल असं काहीतरी हवं. मुखेडला यातलं दुसरं नव्हतं, नांदेडच्या त्या गल्लीत तर माणूसच नव्हतं. या गावात दोन्ही जुळलं; पण ते एका मुलीच्या भलेपणावर जुळलं, आणि सगळीकडे स्नेहल कुठून आणणार? ते काम भरतीच्या नियमांनी करायचं.

गेल्या आठवड्यात मुमताजचा फोन आला. मुक्त विद्यापीठातून बीए करायचं म्हणते. सेविकांमधून पर्यवेक्षिका नेमतात, त्याला पदवी लागते. "स्नेहलकडं पदवी हाय, माझ्याकडं नोकरीची वर्षं. बघू कोण आधी पोचतंय," म्हणाली आणि मागून स्नेहलचं हसणं ऐकू आलं. पुढं बोलता आलं नाही, मुलांची वजनं घ्यायची होती.

तुम्ही औसा-लामजनाच्या बाजूला गेलात तर या गावात अवश्य थांबा. सकाळी लवकर जा, मुलं भेटतील. आणि बाई कोण, असं मुलांना विचारा. दोघींकडे बोट दाखवतात.