सासूच्या पाटल्या

इथं जर्मनीत सोत्सियालआम्टातला, म्हणजे सरकारी मदतीच्या कचेरीतला, तो साहेब माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही, हातांकडे बघतो. कागद टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवतो आणि प्रत्येक उत्तरावर हळूच म्हणतो, "गेनाऊ." म्हणजे बरोबर. पण मला ते ऐकलं की घाम फुटतो. बायको गेल्यापासून मला अंघोळ घालायला बाई लागते. तिचा खर्च सरकार देणार की नाही, हे या माणसाच्या हातात आहे.

तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, गेल्या दहा वर्षांत कुणाला काही किमती दिलंय का? दिलं असेल तर ते आधी परत मागायचं, असा इथला नियम. सून शेजारी बसून मला मराठीत सांगत होती.

मी म्हणालो, "मी कुणाला काय देणार? हिच्या तेराव्याला तुझ्या हातात हिच्या पाटल्या घातल्या, तेवढंच. आणि ते काय देणं झालं? सासूचं होतं ते सुनेकडं गेलं."

सुनेनं बाही खाली ओढली. "बाबा, गप्प बसा हो," असं माझ्याशी पुटपुटली आणि त्याला म्हणाली, "नाइन." नाही.

त्यानं तेच लिहून घेतलं. मी सही केली.

निघताना त्यानं हात पुढं केला. आजवर कधी केला नव्हता. तोही माझ्याकडं नाही, सुनेकडं. तिला हात द्यावाच लागला. बाहीच्या आत पाटल्या वाजल्या.

तिचा हात न सोडता तो म्हणाला, "गेनाऊ."