अकरा वेळा मेलेला माझा दोस्त

दिगूच्या घरून फोन आला तेव्हा मी पाथरीच्या स्टँडवर गरम भज्यांवर फुंकर घालत उभा होतो. पलीकडे कमलवहिनी, दिगूची बायको. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. आणि मी... लिहायला हात धजत नाही, पण तोंड माझंच होतं... मी हसलो. म्हणालो, "वहिनी, त्याला म्हणावं, ऊठ आता, पडदा पडला." मग त्या हळू म्हणाल्या, "न्हाई भावजी. खरंच गेले हो. सकाळी मशीनवर बसल्या बसल्या." समोर सेलूची गाडी लागली, भरली, सुटली. मी तिच्यात चढायचं विसरून गेलो. भज्यांचा कागद तसाच हातात. सहा आठवडे झाले, ते वाक्य कानातून निघत नाही. वहिनींचं नव्हे, माझं.

माझा काय दोष, असंही कधी वाटतं. हा माणूस माझ्या मांडीवर अकरा वेळा मेला होता आणि दर वेळी धूळ झटकत उठून "चहा सांग" म्हणाला होता.

दिगू आमच्या वालूरचा टेलर. बाजारगल्लीत दाराएवढं रुंद दुकान, एक मशीन, एक बाक. बाकावर मी. त्याचे हात कामात आणि मला काम नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायचं आणि त्याने शिवत ऐकायचं, असं आमचं ठरलेलं. गावच्या वाचनालयात एक जुनी, जाडजूड कादंबरी होती. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे तिचं नाव काय आणि लिहिली कोणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुठ्ठ्याच्या रंगावरून सगळे तिला 'तांबडी' म्हणायचे. तिच्यात एक तरुण सरदार आणि त्याचा बालमित्र. सरदाराचं वतन जातं, सगेसोयरे पाठ फिरवतात, हा मित्र तेवढा हलत नाही. कैदेत बरोबर, उपासात बरोबर, आणि शेवटी सरदारावर आलेला वार तो स्वतःच्या छातीवर घेतो. ते पान आलं की मशीन थांबायचं. दिगू दोरा दाताने तोडत म्हणायचा, "मन्या, लय वफादार माणूस. पुन्यांदा वाच."

त्या तांबडीचं आम्ही नाटक केलं. गावच्या जत्रेत, दुसऱ्या दिवशी, ऊन कलताच. मी सरदार. उंची होती, आवाज होता आणि, आता कबूल करायला हरकत नाही, मिशी पिळायची हौस होती. दिगू मित्र. सदऱ्याच्या आत त्याने डाव्या बाजूला एक चोरखिसा शिवलेला, त्यात कुंकवाच्या पाण्याची पिशवी. वार झाला की उजव्या हाताने ती फोडायची, छाती लालभडक करायची आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून मरायचं. मग मी त्याचा हात हातात घेऊन पाच मिनिटं भाषण ठोकायचो. आणि हा हरामखोर मेलेला माणूस नेमका तेव्हाच माझ्या तळव्याला गुदगुल्या करायचा! चेहरा प्रेताचा, बोटं चालूच. हसू दाबता दाबता माझे खांदे गदगदायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज फाटायचा. समोर बायाबापड्या पदर डोळ्याला लावायच्या. पंचक्रोशीत रडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, ही माझी ख्याती. ती सगळी त्याच्या दोन बोटांची.

एका वर्षी स्कूटरवरून पडून माझा पाय मोडला. परभणीला दवाखान्यात तेरा दिवस होतो. ऐन लग्नसराई, टेलरला मान वर करायला सवड नसते असे दिवस. दिगू दुकानाला कुलूप घालून रोज यायचा, तांबडी काखेत. "तू पडून ऐक, आज मी वाचायलोय," म्हणायचा. अक्षराला अक्षर जोडत, बोट ठेवून, घाम पुसत वाचायचा. एका पानाला अर्धा तास. मी बरा झालो आणि काय केलं? चारचौघांत त्याच्या वाचण्याची नक्कल. फर्मास जमायची. सगळे लोळायचे, दिगूसुद्धा. एकदाच, हसू ओसरल्यावर, त्याने विचारलं होतं, "त्ये समदं ठीक हाय. पर त्यो सरदार दोस्तासाठी काय करतो रे?"

"रडतो की!" मी म्हणालो.

"रडायला काय लागतंय," म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला.

मागच्या जत्रेत, अकराव्यांदा मेल्यावर, तोंडावरचा रंग पुसताना तो म्हणाला, "मन्या, औंदा झालं. फुडच्या साली तू मर. मी सरदार व्हतो. बघू मला रडायला येतंय का." सगळे ऐकत होते, आणि चारचौघं दिसले की माझी जीभ सुटते. मी म्हणालो, "सरदाराला घोड्यावर बसायला स्टूल लागलं तर लोक काय म्हणतील?" हशा झाला. सगळ्यांत मोठ्याने दिगू हसला. आमचं नाटकाचं बोलणं ते शेवटचं.

त्या दिवशी शेवटी मिळेल त्या जीपने वालूरला पोचलो. ओसरीत त्याला निजवलं होतं. गाव जमलेलं. सगळे माझ्याकडे बघत होते, आता हा बोलेल, आता हा रडेल. मी त्याचा हात हातात घेतला. तळवा त्याच्या बोटांखाली धरला आणि थांबलो. किती वेळ, ठाऊक नाही. शब्द एक आला नाही, डोळ्यांत थेंब नाही. शेवटी कोणीतरी माझा हात सोडवून घेतला.

परवा वहिनींनी दुकान उघडलं, मला बोलावलं. लोकांचे कपडे ज्याचे त्याला द्यायचे होते. खुंटीवर एक नवा पांढरा सदरा होता, चिठ्ठी नसलेला. "ह्यो कुणाचा काय की," वहिनी म्हणाल्या, "जत्रा झाल्यापासून सवड मिळंल तसा शिवत व्हते. यांच्या मापाचा तर न्हाई." मी अंगात घातला. खांदे बसले, बाह्या बसल्या. दिगूने माझं माप कधी टेप लावून घेतलंच नव्हतं. आतून हात फिरवला तर चोरखिसा लागला... उजव्या बाजूला. मी डावखुरा आहे.

वहिनी काहीतरी विचारत होत्या. मी बाकावर बसलो, माझ्या नेहमीच्या जागी, मशीनकडे तोंड करून. तेव्हा माझे खांदे गदगदायला लागले, आणि या वेळी तळव्याला कोणाचीच बोटं नव्हती.

जत्रेला अजून अवकाश आहे. सदरा मी घरी आणला नाही, त्याच खुंटीवर ठेवलाय. सरदार कोणीही होवो, बुटका, उंच, आवाज असलेला, नसलेला. या साली मरणार मी.