दौंड ते शिरूर: ओझ्याच्या शब्दामागे

डिसेंबरात दौंडला निघाले ती शब्द गोळा करायला. पुण्यातल्या एका मालवाहतूक कंपनीत मी भाषांतराचं काम करते. हमालांसाठी मराठी पुस्तिका करायची होती, तिला बोलीतले शब्द हवे होते. पण खरं सांगायचं तर मला घराबाहेर पडायचं होतं. पावसाळ्यात, सहावा महिना चालू असताना, माझं बाळ पोटातच गेलं. त्यावर घरात कोणी बोलत नव्हतं. माझा नवरा सुधीरही नाही.

पुण्याहून सकाळची शटल घेतलीत तर खिडकी मिळते. दौंडच्या मालधक्क्यावर एक म्हातारे मुकादम भेटले, सगळे त्यांना चाचा म्हणत. 'कार्गो'च्या मुळाशी लॅटिनमधली गाडी आहे, गाडीवर लादलेलं ते कार्गो, हे मी सांगितल्यावर ते खूश झाले. मग त्यांनी आपल्याकडचा शब्द दिला.

"हमाल अरबीतला, ताई. हमल म्हंजी ओझं. बाईच्या पोटातलं बाळ, तेबी हमलच."

फारसीतही तसंच, म्हणाले. 'बार' म्हणजे भार, त्यावरून आपलं बारदान, आणि 'बारदार' म्हणजे गरोदर. माझा हात वहीवर थांबला. चाचांना काही कळेना. त्यांनी चहा मागवला आणि मी तो पिईपर्यंत ते शेजारी बसून राहिले.

पुढे केडगाव-चौफुल्याहून न्हावरेमार्गे शिरूरची एसटी आहे. गाड्या कमी आणि रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. मी न्हावऱ्याला उतरून जीपने इनामगाव गाठलं. तिथे सुधीरची आत्या असते. घर पूर्वी मेंढरांमागे फिरणारं, आता शेतीत स्थिरावलेलं. बाजरीची भाकरी आणि भरीत खाऊन आम्ही नदीकडच्या टेकाडावर गेलो. इथलं पुरातत्त्वाचं खोदकाम चालू असताना आत्या मातीच्या पाट्या वाहायची. हजारो वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या मडक्यांत तान्ह्या लेकरांची हाडं निघालेली तिनं पाहिली होती.

"त्या बायांनी लेकरं घरातच ठिवली," ती म्हणाली. "माझं एक वाटंत गेलं. नदीच्या अंगाला पुरलं, सकाळी घोड्यावर वझं लादलं आन् निघालो. जागा कुठली, आता सांगता यायची न्हाई."

मग तिनं विचारलं, "तुझं काय व्हतं? पोरगा का पोरगी?"

मला माहीत नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांमध्ये फिरून विसेक शब्द मिळाले. तिथून पुण्याला गाड्या भरपूर.

संध्याकाळी घरी पोचले. सुधीरला आत्याच्या वाटेत गेलेल्या लेकराचं सांगितलं. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. मग मी विचारलं.

"मुलगी," तो म्हणाला. त्यानं दोन्ही तळवे एकमेकांशेजारी धरले. "एवढी होती. मी घेतलं होतं तिला."

प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर हेच.