व्याह्यांचं बुजगावणं

काही केल्या कुरूप वस्तू करता येत नाही, असा माणूस मी अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही म्हणून नशिबी आला.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील, पेणजवळच्या जोहे गावचे मूर्तिकार. पन्नास वर्षं गणपती करून करून त्यांची नजरच तशी झाली होती. माणूस समोर आला की आधी त्याचा तोल बघायचे. आमच्या पोस्टमनला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, की तुमचा डावा कान दोन दोरे वर बसलाय. सोयरीक ठरवायला आमच्या गावी, वरशाला आले, तेव्हा मुलाचा पगार, कंपनी, शिफ्ट, काही विचारलं नाही. मागे रेलून, एक डोळा मिटून, त्याच्याकडे दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "कपाळ रुंद हाय. मुकुट चांगला बसेल." झालं, लग्न ठरलं! जेवायला बसले की भाकरी उजेडात धरायचे. "विहीणबाई, कडेला तडा गेलाय. थापताना पाण्याचा हात फिरवा." मी म्हणायचे, "अहो, खायची आहे ती, विसर्जन नाही करायचं." तर म्हणाले, "पोटात जाते ते काय हाय मग?"

नव्या रेल्वेचं काम चाललं होतं त्या वर्षांतली गोष्ट. शिमगा झाला आणि व्याही कापडी पिशवी घेऊन आले, ते परत जायचं नावच काढीनात. या दिवसांत जोह्यात मूर्तिकाराला श्वास घ्यायला सवड नसते, आणि हे आपले आमच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. ताटात अर्धी भाकरी तशीच. तडा गेलेली असूनही काही बोलायचे नाहीत, तेव्हा मी घाबरले. शेवटी सून चुलीपाशी हळूच म्हणाली, "आई, माघी गणपतीची आखणी करताना बाबांचा हात थरथरला. दादानं हातातला ब्रश काढून घेतला. 'राहू द्या बाबा, आता मी करतो,' एवढंच म्हणाला." आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं. सगळ्यात शेवटचं काम आणि सगळ्यात मानाचं. मुलगा काही वाईट बोलला नव्हता, पण ज्या माणसाने जन्मभर देवांना दृष्टी दिली, त्याला घरात बघायला काही उरलंच नव्हतं. व्याही ब्रशला हातच लावीनात. "तुम्हीच काहीतरी करा, आई," सून म्हणाली.

मी काय करणार? मला येतं ते परसातलं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात खुरपं दिलं आणि म्हटलं, "चला, चैत्र आला. परस साफ करून भाजी लावायची आहे, आणि माझी कंबर धरली आहे." कंबर ठणठणीत होती.

माणूस मातीत बसला आणि जरा फुलला. वाळक्या पानांचा पातेरा लोटला, वाळलेले वालाचे वेल उपटले, काकडीसाठी मांडव घातला. मांडव इतका सरळ, की आमचे हे म्हणाले, "याच्याखाली काकडी नको, सत्यनारायण घालू." भेंडीचं बी दोरी लावून, वीतभर अंतर मोजून टोचलं. मग लागले दुधीच्या आळ्यांना. ओला हात फिरवून फिरवून आळी अशी गुळगुळीत केली, की मी घातलेलं पाणी मुरेचना! ताटातल्या आमटीसारखं तिथेच डुलत राहिलं. ते तोंड धुवायला गेले, तेवढ्यात मी सगळी आळी खुरप्याने खरवडून ठेवली. आल्यावर बघतात तर काय, मला म्हणाले, "कोंबड्या बांधा हो तुमच्या. काय नासधूस!"

शेवटी लाल माठ पेरला. आमच्याकडे माठ पेरायचा म्हणजे चिमण्या-साळुंक्यांना पंगतीचं बोलावणं. म्हणून मी मडकं आणि ह्यांचा कंपनीतला जुना निळा शर्ट आणून दिला. "व्याही, बुजगावणं करा. आणि हे बघा, भयंकर करा."

"करतो की," म्हणाले. काठी रोवली, मडक्यावर मातीचं नाक बसवलं, ओठ केले, गाल केले. करता करता ते तोंड आपसूक प्रसन्न होत गेलं. डोळ्यांची जागा मात्र कोरी ठेवली आणि हात धुतले.

"डोळे?"

"डोळं नाय काढत मी आता. ते पोराचं काम हाय."

मी उठले. चुलीतला कोळसा आणला आणि माझ्या हाताने काढले दोन डोळे. एक आभाळात, एक विहिरीत.

"अगागागा! विहीणबाई, काय केलंत हे!" व्याही अंगावर पाल पडल्यासारखे उठले. "अहो, त्याला जन्मभर तसंच बघायचं हाय का?" पंचा भिजवून मी काढलेले डोळे पुसले, चुन्याचा हात दिला आणि तरातरा पडवीत गेले. पिशवीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला बारीक ब्रश निघाला. हात लावत नव्हते, पण घेऊन मात्र आले होते! सून पळत जाऊन स्वतःची काजळाची डबी घेऊन आली.

हात थरथरत होताच. त्यांनी तो दोनदा मागे घेतला. मग खुरप्याचा दांडा मडक्याला टेकवला, त्यावर मनगट ठेवलं आणि श्वास धरला. आम्हीही धरला. रेघ उतरली. मधे एका जागी किंचित हलली, आणि खरं सांगते, त्या हललेल्या जागेमुळे ते तोंड आत्ता हसेल की मग, असं झालं.

संध्याकाळपर्यंत एक साळुंकी त्याच्या खांद्यावर बसली होती, चार चिमण्या पायाशी माठाचं बी टिपत होत्या आणि शेजारची काकू कुंपणावरून विचारत होती, "कुठला देव बसवलात गो?" देव समजून तिने एक जास्वंदही टाकली. आमचे हे वैतागले. "यापेक्षा मी उभा राहिलो असतो तर पाखरं पळाली असती." "व्हय," व्याही म्हणाले, "तुमचं नाक हाय तसं." आणि मोठ्याने हसले. त्या रात्री त्यांनी भाकरीला नावं ठेवली, तेव्हा माझ्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ताटावरून उठता उठता व्याह्यांनी विचारलं, "पेणची पहिली गाडी कितीला हाय?"

मोठ्या मूर्ती पुढेही त्यांच्या मुलानेच केल्या. पण आमच्या घरच्या गणपतीची आखणी तेव्हापासून व्याह्यांची, दांड्यावर मनगट टेकवून केलेली. दर वर्षी मूर्तीच्या तोंडावरून रुमाल काढला की मी आधी ती हललेली रेघ शोधायचे. एका वर्षी दोन्ही डोळे अगदी सरळ, नितळ आले. फार सुंदर होते; व्याह्यांच्या मुलाच्या हातचे. मी आरतीला उभी राहिले, पण बराच वेळ वर बघवलं नाही.

मडकं अजून आहे. पावसाळ्यात माळ्यावर ठेवते आणि चैत्रात काठीवर चढवते. माठाचं बी मात्र आता दुप्पट पेरते. पाखरं येणारच.